सोसायटीचे घर

खेड्यात कुणी म्हणाले, "जरा सोसायटीत जाऊन येतो," तर तो पीककर्जाचे विचारायला गेला, नाही तर खताची गोणी आणायला गेला, हे पोरासोरांनाही कळते. तोच शब्द पुण्या-मुंबईत वापरा, अर्थ निराळा होतो. तिथे सोसायटी म्हणजे राहायची जागा. चार मजली इमारत असेल, नाही तर बैठ्या घरांची ओळ. दारावर पाटी असते, 'अमुक अमुक सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित', आणि खाली नोंदणीचा आकडा. मुलगा कामाधंद्याला शहरात जातो, मागोमाग आईबाप जातात, आणि या पाटीशी गाठ पडते. पाटी वाचता आली म्हणजे झाले असे नाही. ती काय सांगते ते समजले पाहिजे.

दोन्हीकडे शब्द एकच आहे, हे काही चुकून झालेले नाही. दोन्हींचे मूळ एकच. जे एकट्याच्या ताकदीबाहेरचे आहे ते दहाजणांनी मिळून करायचे. गावची सोसायटी पैसा उभा करते. शहरातली सोसायटी जमीन, विटा आणि पाणी उभे करते.

घर तीन तऱ्हांनी मिळते. पहिले भाड्याचे. तिथे मालकाची मर्जी सांभाळावी लागते. त्याने सोडा म्हटले की बिऱ्हाड पाठीवर. दुसरे स्वतःचे स्वतंत्र घर. त्यासारखे सुख नाही, पण हातावर पोट असलेल्या माणसाने शहरात जमीन घ्यायची, नळ आणायचा, गटार काढायचे, भिंती चढवायच्या, यात जन्म जातो, आणि तरी घर अर्धेच राहते. तिसरी तऱ्हा सोसायटीची. यात भाडेकरूही तुम्हीच आणि मालकही तुम्हीच, मात्र एकटे नव्हे.

इथे नेहमी एक प्रश्न येतो. "गुरुजी, पैसे मी मोजले, किल्ली माझ्या कमरेला, मग जागा संस्थेची कशी?"

भाऊभाऊ वेगळे होतात, शेत वाटून घेतात, पण विहीर सामाईक राहते, हे तुम्ही पाहिले असेल. विहिरीची पूर्वेची बाजू माझी नि पश्चिमेची तुझी, असे कुणी म्हणत नाही. विहीर सगळ्यांची, पाण्याची पाळी ज्याची त्याची. सोसायटीत तसेच आहे. जमीन, भिंती, गच्ची, जिना, पाण्याची टाकी ही संस्थेच्या नावावर. तुमच्या गाळ्यात राहण्याचा, तो मुलाबाळांना देण्याचा, नियमाप्रमाणे विकण्याचा हक्क तुमचा. त्या हक्काची खूण म्हणजे भाग दाखला. लोक त्याला शेअर सर्टिफिकेट म्हणतात. नमुन्याच्या नियमांत पन्नास रुपयांचा एक, असे दहा भाग घ्यायचे असतात, म्हणजे अवघे ५०० रुपये. कागद लहान दिसतो म्हणून लोक तो रेशनकार्डाच्या पिशवीत कोंबतात. तो जपून ठेवावा.

पाटीवरच्या 'मर्यादित' या शब्दाचाही अर्थ सांगून टाकतो. संस्थेवर देणे झाले तर सभासदाची जबाबदारी त्याच्या भागापुरती, त्यापलीकडे नाही.

आता ही गोष्ट सुरू कुठून झाली ते पाहू. आपल्या देशात सहकाराचा पहिला कायदा १९०४ साली झाला. तो फक्त कर्ज देणाऱ्या पतपेढ्यांसाठी होता. १९१२ साली दुसरा कायदा आला आणि इतर कामांच्या संस्थांनाही वाट मोकळी झाली. त्या वाटेने लवकर निघालेले एक गृहस्थ म्हणजे रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी. त्यांनी १९०६ साली शामराव विठ्ठल सहकारी बँक काढली होती. नोकरीसाठी मुंबईला आलेली त्यांच्या समाजातली सारस्वत कुटुंबे भाड्याच्या जागांत दिवस काढत होती. त्यांना जमवून १९१५ साली तालमकींनी गावदेवीला सारस्वत गृहनिर्माण संस्था उभी केली. देशातल्या अगदी पहिल्या अशा संस्थांत तिची गणना होते. शंभर वर्षे उलटून गेली, पण मुंबईत तालमकीवाडी हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे.

ती संस्था एका जातीच्या लोकांची होती. त्या काळी ओळख हेच तारण होते, आणि ओळख जातीत असायची. सुरुवात तशी झाली याला मी नावे ठेवत नाही. परंतु आज कुणी 'आमच्यात अमक्या जातीचा नको, तमके खाणारा नको' म्हणून घर नाकारले तर ते मला मुळीच पटत नाही. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यातही सभासदत्व खुले ठेवायला सांगितले आहे. पुरेशा कारणाशिवाय कुणाला नाकारता येत नाही. नाकारले तर दाद मागता येते.

पुण्याला वेगळाच प्रसंग आला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे गेले, आणि मुठेकाठचे पुणे पाण्याखाली आले. हजारो कुटुंबांची घरे गेली. अंगावरच्या कपड्यांनिशी माणसे बाहेर पडली. पुढे त्यांतल्या पुष्कळांनी पूरग्रस्तांच्या सहकारी संस्था केल्या, सरकारने त्यांना जमिनी दिल्या, आणि तिथे वसाहती झाल्या. ज्याचे सगळे वाहून गेले त्याच्यापाशी तारण ते काय असणार? पण पन्नास वाहून गेलेल्यांची एक संस्था झाली की तिच्या नावाने अर्ज करता येतो, जमीन घेता येते.

सोलापूरची हकीकत मला या सगळ्यांत मोठी वाटते. म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायका हजारोंनी आहेत. कारखान्यातून पाने आणि तंबाखू आणायची, पाने भिजवायची, कातरायची, घरी बसून विड्या वळायच्या, आणि कट्टे बांधून परत नेऊन द्यायचे. मजुरी हजार विड्यांवर. घर म्हणजे बहुधा भाड्याची एक खोली. तिथेच चूल, तिथेच पानांची टोपली, तिथेच पाळणा. तंबाखूचा खकाणा पोरांच्या नाकातोंडात. अशी एक बाई बँकेत गेली आणि म्हणाली, "मला घरासाठी कर्ज द्या," तर काय होईल? तिच्यापाशी पगाराचा दाखला नाही, जमिनीचा उतारा नाही, जामीन नाही. शिपाईच तिला पायरीवरून परत पाठवील.

तिथले कामगार नेते नरसय्या आडम, ज्यांना सोलापूर आडम मास्तर म्हणते, त्यांच्या पुढाकाराने या बायकांची गृहनिर्माण संस्था झाली. ठाणे जिल्ह्यात वारली आदिवासींमध्ये काम केलेल्या गोदावरी परुळेकर यांचे नाव तिला दिले. गोदूताई परुळेकर महिला विडी कामगारांची ही संस्था. पैसा तीन ठिकाणांहून आला. काही केंद्र सरकारने दिला, काही राज्य सरकारने, आणि उरलेला वाटा बायकांनी आपल्या मजुरीतून भरला. सोलापूरजवळ कुंभारीच्या माळावर घरे उठली. किती, तर दहा हजार! २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचे वाटप झाले.

मोर्चे, अर्ज, हेलपाटे यांत वर्षे गेली. एक बाई दमून घरी बसली असती. दहा हजार बायका एकाच दिवशी दमत नाहीत.

घरे लहान आहेत, शहराबाहेर आहेत, हे खरे. पण संस्था महिलांची, म्हणून सभासद बाई, आणि म्हणून घर बाईच्या नावावर. नवऱ्याने रागाच्या भरात "चल, नीघ माझ्या घरातून" म्हणायची सोय राहिली नाही. दारूपायी घर विकतो म्हटले तरी सही बाईचीच लागणार. सिमेंट-विटांपेक्षा ही गोष्ट मोठी आहे, असे माझे मत आहे.

हे काम तिथेच थांबले नाही. त्याच भागात पुढे रे नगर ही ३०,००० घरांची योजना झाली. शिलाईकाम करणारे, यंत्रमागावरचे, विडीवाले, कचरा वेचणारे, अशा असंघटित कामगारांसाठी. त्यांतल्या १५,००० घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. सरकारे बदलली, पक्ष बदलले. संस्था होती म्हणून काम पुढे चालले.

घर मिळाले, पुढे काय? पुढे रोजचे राहणे. सोसायटीचा खरा उपयोग तिथे कळतो. पाणी येत नसेल तर एकाने नगरपालिकेत जाऊन ओरडण्यापेक्षा संस्थेच्या कागदावर, शिक्का मारून, साठ घरांच्या वतीने गेलेला अर्ज जड असतो. रखवालदार एकट्याला परवडत नाही, साठजणांना परवडतो. सूर्यावरचे दिवे, पावसाचे पाणी साठवण्याची टाकी, कचऱ्याचे खत, ही कामेही एकट्या घरापेक्षा संस्थेला सोपी जातात. म्हातारा-म्हातारी दोघेच राहत असतील तर शेजारी कोण आहे, दार दोन दिवस का उघडले नाही, हे कुणाच्या तरी ध्यानात येते.

मात्र याचा खर्च असतो, आणि भांडणे तिथूनच सुरू होतात. दर महिन्याला बिल येते. पुष्कळजण खालचा आकडा पाहतात, कपाळाला आठ्या घालतात आणि पैसे भरतात, किंवा भरत नाहीत. वरचे कलम कुणी वाचत नाही. ते वाचावे.

बिलात सर्व रकमा एका मापाने मोजलेल्या नसतात. मालमत्ता कर आणि पाणीपट्टी ही पालिकेची देणी. नमुन्याच्या नियमांप्रमाणे कर ज्याच्या त्याच्या जागेप्रमाणे, आणि पाण्याचा आकार घरातल्या नळांच्या संख्येवर. झाडलोट, रखवालदार, जिन्यातले दिवे, कचेरीचा खर्च, हे सगळ्यांना सारखे, घर मोठे असो की लहान. लिफ्टचा खर्चही सारखा. इथे तळमजल्यावरचा माणूस हमखास चिडतो. "मी काय लिफ्टनं स्वयंपाकघरात जातो का?" त्याचे म्हणणे ऐकायला बरोबर वाटते. पण मग गच्ची गळते ती वरच्याच्या डोक्यावर, ती दुरुस्त करायला तळमजल्याने पैसे का द्यावेत? आणि गटार तुंबते ते तळमजल्याच्या दारात, ते उपसायला वरच्याने का द्यावेत? असे सुटे करत गेलो तर इमारतीचा एक एक चिरा वेगळा होईल. मला हा सारखेपणाचा नियम योग्य वाटतो. तळमजल्यावर मीही राहतो, हे सांगून ठेवतो.

आणखी दोन रकमा बिलात असतात. एक दुरुस्ती निधी. गाळ्याच्या बांधकामाला जो खर्च आला त्याच्या शेकडा पाऊण रुपया, दर वर्षाला. दुसरा सिंकिंग फंड. तो शेकडा चार आणे, म्हणजे पाव टक्का, हाही वर्षाला. बांधकामाचा खर्च ८ लाख धरला तर दुरुस्तीचे ६,००० आणि सिंकिंगचे २,००० रुपये वर्षाचे झाले. महिन्याला भागून पाहा. यापेक्षा कमी घेऊ नये, असा तो नियम आहे. सिंकिंग हे नाव ऐकून पुष्कळांना ते बुडीत खाते वाटते. ते बुडीत नव्हे, ती बुडताना धरायची फळी आहे. इमारतीचे म्हातारपण आल्यावर मोठे काम काढावे लागते, तेव्हासाठी ही शिल्लक. ज्या संस्था "आत्ता कशाला" म्हणून हा निधी गोळा करीत नाहीत, तिथे तीस वर्षांनी एकेका घराला लाखाचा आकडा सांगितला जातो. ज्याच्यापाशी नसतात त्याला घर विकून जावे लागते.

पैसे थकवणारे सगळीकडे असतात. खरोखर अडचण असेल तर समितीला लेखी सांगून हप्ते मागावेत. पण कुणी मुद्दाम थकवले तर निबंधकाकडून दाखला घेऊन शेतसाऱ्यासारखी वसुली करता येते. लोकांना हे ठाऊक नसते, म्हणून ते नुसते भांडत बसतात.

सहकारात एका सभासदाला एक मत. तीन खोल्यांवाल्याला तीन मते नाहीत. कारखान्याचा मालक सभासद असो, नाही तर त्याच कारखान्यातला जमादार असो, हात दोघांचा सारखाच मोजला जातो. वर्षाची सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तिची नोटीस येते, सोबत हिशेब येतो. आपली माणसे नोटीस दाराच्या फटीत तशीच ठेवतात आणि सभेच्या वेळी टीव्ही लावतात. मग पाचजण ठरवतात आणि पंचावन्नजण कुरकुरतात. समितीवाले चोर आहेत, असे जिन्यात म्हणण्यात अर्थ नाही. सभेत उभे राहून विचारा, "रंगकामाला गेल्या खेपेपेक्षा दुप्पट कसे झाले? किती ठेकेदारांचे दर मागवले होते?" एवढे दोन प्रश्न पुरतात. लिहिता येत असेल तर आधी चिठ्ठीवर लिहून न्या, आयत्या वेळी विसरायला होते.

आता सर्वांत महत्त्वाचे. तुमच्या संस्थेची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे, ती जमीन कुणाच्या नावावर आहे?

तुम्ही म्हणाल, संस्थेच्याच, आणखी कुणाच्या? तसे असेलच असे नाही. महाराष्ट्रात कितीतरी इमारतींची जमीन अजून बिल्डरच्या किंवा जुन्या जमीनमालकाच्या नावावर आहे. माझ्या ओळखीतल्या एका संस्थेत असेच झाले. इमारत चाळिशीला आली, खांबांना चिरा गेल्या, आतल्या सळया उघड्या पडल्या. पाडून नवी बांधायचे ठरले. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक आणले तर त्यावर संस्थेचे नावच नाही! बिल्डर वारला होता. त्याची मुले म्हणाली, "जमीन आमच्या वडिलांची आहे. बोला, काय देता?" चाळीस वर्षे कर भरणारी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिली.

जमीन संस्थेच्या नावावर करून देण्याला अभिहस्तांतरण म्हणतात. शब्द लांबलचक आहे, दोन वेळा म्हणून पाहा, जिभेला वळण पडेल. कचेरीत कन्व्हेयन्स म्हणतात. १९६३ च्या मालकी गाळ्यांच्या कायद्याप्रमाणे, करारात निराळी मुदत नसेल तर, संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने हे करून द्यायचे असते. न देणारे फार झाले म्हणून २००८ साली कायद्यात सुधारणा झाली. आता बिल्डर सही करत नसेल किंवा सापडत नसेल, तर संस्थेने जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करायचा. सोबत संस्थेची नोंदणी, सभासदांचे करारनामे, मंजूर नकाशा, जमिनीचा उतारा असे कागद लावायचे. ते दुसऱ्या बाजूला नोटीस काढतात, म्हणणे ऐकतात, आणि हक्क पटला तर दाखला देतात. याला मानीव अभिहस्तांतरण म्हणतात, म्हणजे बिल्डरने सही केली असे मानायचे. त्यावरून दस्त नोंदवून संस्थेचे नाव मालमत्ता पत्रकावर चढते. वर सांगितलेल्या संस्थेने हाच रस्ता धरला. कागद गोळा करायलाच त्यांना सात महिने लागले, कारण निम्म्या सभासदांना आपला करारनामा कुठल्या ट्रंकेत आहे हे ठाऊक नव्हते.

कागदांवरून नामनिर्देशनाचे सांगतो. आपल्या पश्चात संस्थेच्या दफ्तरी कुणाचे नाव यावे, हे सभासदाने एका फॉर्मवर लिहून द्यायचे असते. पहिल्या वेळी त्याला फी नाही. हा फॉर्म भरलेला नसला की घरधनी गेल्यावर बाईला दाखले, प्रतिज्ञापत्रे, वर्तमानपत्रातली नोटीस यांच्या मागे फिरावे लागते, तेही दुःखाच्या दिवसांत. पण एक घोटाळा टाळा. फॉर्मवर नाव आले म्हणजे तो माणूस घराचा एकटा धनी झाला, असे नाही. त्याचे नाव दफ्तरी लागते, तो संस्थेशी व्यवहार करतो. खरा वाटा वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरतो. थोरल्याचे नाव फॉर्मवर आहे म्हणून धाकट्या बहिणीचा हक्क बुडत नाही. बहिणींनी हे लक्षात ठेवावे.

नवी संस्था काढायची असेल तर आधी मुख्य प्रवर्तक निवडावा, त्याच्या सहीने नाव राखून घ्यावे, बँकेत खाते उघडावे आणि तालुक्याच्या किंवा वॉर्डाच्या उपनिबंधक कार्यालयात प्रस्ताव द्यावा. निदान पाच सभासद लागतात. इमारतीत गाळे जास्त असतील तर शेकडा ५१ गाळेवाले तरी बरोबर हवेत. बिल्डर संस्था करून देत नसेल, तर त्याच्याशिवाय गाळेधारकांनाही नोंदणीसाठी अर्ज करता येतो.

जी संस्था आधीपासून आहे, तिचे पोटनियम पुस्तकरूपाने मिळतात. आपल्या संस्थेची प्रत सचिवाकडे मागा. हिशेबपत्रके, सभेची इतिवृत्ते आणि आपल्या नावासंबंधीच्या नोंदी पाहण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. ठरलेली फी भरली की त्यांच्या नकलाही मिळतात. अर्ज दोन प्रतींत करावा, आणि आपल्याजवळच्या प्रतीवर सचिवाची सही व तारीख घ्यावी.